फॉक्सटेल पामवरील नारिंगी ठिपके, माडाची कातरलेली पाने आणि फुलोऱ्यावर आलेला भेरली माड

पर्वरी_परसबाग

सर्वांना नमस्कार. आमचे घर पर्वरीच्या पठारावर असून आवारातील जमीन तांबडी आणि चिरेदार आहे. हातभर खणले की पहार दगडाला लागते. घरापुढे दोन फॉक्सटेल पाम, फाटकापाशी बाणावली जातीचा एक तरणा माड आणि घरामागे, आम्ही जागा घेण्याच्या आधीपासून उभा असलेला एक उंच भेरली माड (माशाच्या शेपटीसारख्या पर्णिकांचा ताडवर्गीय वृक्ष) अशी चार झाडे आमच्याकडे आहेत. पावसाळा तोंडावर आला असताना या झाडांविषयी मला जे सल्ले मिळत आहेत ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

फॉक्सटेलच्या सर्वांत खालच्या पानांवर बारीक पिवळे-नारिंगी ठिपके पडले आहेत. पान उन्हासमोर धरले की हे ठिपके आरपार दिसतात, आणि पर्णिकांची टोके करपून राखाडी झालेली आहेत. वरची पाने मात्र हिरवीगार असून मधला न उमललेला कोंब सरळ उभा आहे. बागकामाला येणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की खालची सर्व पाने पावसाआधी छाटून वर फक्त तीन-चार पाने ठेवावीत, म्हणजे झाडाची शक्ती वाया जाणार नाही आणि वाऱ्यात झाड उन्मळणार नाही.

माडाचा प्रश्न निराळा आहे. त्याची नवी चुडते (झावळ्या) उमलतात ती दोन्ही बाजूंनी कात्रीने त्रिकोणी तुकडे कापून काढल्यासारखी दिसतात, आणि आता आलेला कोंब किंचित एका बाजूला कलला आहे. भेरली माडाला गेली काही वर्षे फुलोऱ्याचे लांब लोंबते घोस एकाखाली एक येत आहेत, शेंड्याकडची पाने वाळत चालली आहेत आणि शेजारी तो तोडून टाकण्याचा आग्रह धरत आहेत, कारण तो घराच्या भिंतीपासून फार दूर नाही. यांपैकी कोणत्या झाडाला कोणता उपचार आधी करावा, आणि छाटणीचा सल्ला मानावा की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मडगाव_ताडमाड

ताई, पान उन्हासमोर धरून पाहिलेत हे उत्तम केलेत, कारण आरपार दिसणारे नारिंगी ठिपके, करपलेली टोके आणि हे सारे फक्त खालच्या, जुन्या पानांवर, ही पालाशाच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेची ओळखीची खूण आहे. बुरशीचे ठिपके सहसा असे अर्धपारदर्शक दिसत नाहीत आणि ते जुन्या-नव्या पानांचा इतका काटेकोर भेदही करत नाहीत. पठारावरच्या जांभ्याच्या मातीत पालाश धरून ठेवण्याची शक्ती मुळातच कमी असते. त्यात गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे उन्हाळ्यात घातलेले खत श्रावणापर्यंत मुळांच्या खाली वाहून गेलेले असते.

आता छाटणीविषयी, आणि हे मी आग्रहाने लिहितो. पालाश कमी पडला की पामचे झाड तो सर्वांत जुन्या पानातून काढून घेते आणि वर येणाऱ्या नव्या पानाला पुरवते. आपल्याला कुरूप दिसणारे ते ठिपक्यांचे पान झाडाच्या दृष्टीने चालू साठा आहे. ते कापले की झाड त्याच्या वरच्या पानातून पालाश ओढू लागते, मग त्याही पानावर ठिपके येतात, तेही कापले जाते, आणि असे करत करत एके दिवशी कोंबालाच पुरवठा उरत नाही. गोव्यातील सोसायट्यांच्या आणि हॉटेलांच्या आवारात वर झाडूएवढी पाने आणि निमुळते होत गेलेले खोड अशी जी फॉक्सटेल आणि रॉयल पामची झाडे दिसतात, त्यांतल्या पुष्कळांची अवस्था याच क्रमाने झालेली असते. वाऱ्याचे कारणही पटण्यासारखे नाही. पामची पाने वाऱ्यात दुमडतात आणि वळतात, आणि झाड पडते ते बहुधा मुळांना जागा नसल्याने किंवा खोड आतून कुजलेले असल्याने. शिवाय फॉक्सटेल आपले पान पिकून तपकिरी झाले की देठाच्या हिरव्या वेष्टनासह स्वतःच खाली टाकते. पूर्ण वाळलेले आणि हाताने ओढताच सुटणारे पान तेवढे काढावे. हिरवा अंश असलेल्या पानाला कोयता लावू नये.

पामचे निदान करताना मी नेहमी आधी पान जुने की नवे हे पाहतो, कारण त्यातच बहुतेक उत्तर असते. पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानातून हलवू शकते, म्हणून त्यांची उणीव खाली दिसते. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाची कड रुंद पिवळ्या पट्ट्याने वेढलेली आणि मधला भाग हिरवा राहतो. बोरॉन आणि मँगनीज झाडाला हलवता येत नाही, म्हणून त्यांची उणीव कोंबात दिसते: बोरॉनच्या अभावी माडाच्या पर्णिका टोकाला आकड्याप्रमाणे वळतात किंवा एकमेकींना चिकटूनच उमलतात, आणि मँगनीजच्या अभावी नवे पान खुरटे, चुरगळलेले आणि करपलेले निघते. आपली माती आम्लधर्मी असल्याने मँगनीजची अडचण सहसा येत नाही, पण कुंपणाच्या भिंतीलगत बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा पुरलेला असेल तर नेमक्या त्याच ठिकाणच्या झाडाला ती येऊ शकते. आपले फॉक्सटेल भिंतीजवळ असल्यास हे लक्षात असू द्यावे.

उपाय म्हणजे पालाश आणि मॅग्नेशियम एकत्र देणे. नुसता पालाश भरमसाट घातला तर तो मॅग्नेशियमच्या शोषणात अडथळा आणतो आणि एक उणीव मिटवताना दुसरी उभी राहते. सल्फेट ऑफ पोटॅश मिळाल्यास फॉक्सटेलसाठी ते घ्यावे. माणसाच्या उंचीच्या खोडाला एका वेळी सुमारे दीडशे ग्रॅम आणि त्याच्या निम्मे मॅग्नेशियम सल्फेट, असे मी पावसाच्या पहिल्या सरी येऊन माती ओलावल्यावर, पुन्हा पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस आणि तिसऱ्यांदा जानेवारीत पाण्याबरोबर देतो. खत बुंध्याशी ढीग करून न घालता पानांच्या छायेखालील जमिनीवर सर्वत्र विखरावे आणि वर पाचोळ्याचे आच्छादन द्यावे. ऐन आषाढात खत घालू नये. ठिपके पडलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे पाहून उपचार फसला असे समजू नका. यापुढे येणारी पाने खाली सरकताना किती काळ स्वच्छ राहतात त्यावरून परीक्षा करावी, आणि त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो.

एक गोष्ट राहिली. फॉक्सटेलचे मूळ स्थान ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या उत्तरेकडील केप मेलव्हिल हा ग्रॅनाइटच्या गोट्यांचा आणि वाळूचा प्रदेश आहे. शास्त्रीय नावानिशी या झाडाची नोंद १९८३ साली झाली, म्हणजे बागांमध्ये ते तसे अलीकडचेच आहे. त्याला पाणी हवे, पण साचलेले नको. चिऱ्यात खोदलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी दिवसेंदिवस कोंडून राहते, म्हणून खड्ड्याच्या उताराकडील बाजूस दगड फोडून पाण्याला वाट दिलेली आहे की नाही हे पहिल्या मोठ्या पावसानंतर अवश्य पाहावे.

सावईवेरे_कुळागर

माडाविषयी मी लिहितो. कातरलेली चुडते हे गेंड्या भुंग्याचे काम आहे. हा काळा, डोक्यावर शिंग असलेला भुंगा रात्री शेंड्यात शिरून न उमललेला कोंब पोखरतो आणि त्याचा रस घेतो. कोंबात सर्व पर्णिका घडी घालून बसलेल्या असल्यामुळे एकच भोक पुष्कळ पर्णिकांतून जाते, आणि चुडत उमलल्यावर तेच दोन्ही बाजूंना सारख्या कापांच्या रूपाने दिसते. म्हणजे आज दिसणारे काप काही महिन्यांपूर्वीच्या हल्ल्याचे आहेत. आजचा भुंगा आहे की नाही हे उमललेल्या पानावर कळत नाही. त्यासाठी शेंडाच पाहावा लागतो.

बाणावलीचा माड वाढल्यावर उत्तम उत्पन्न देतो, कोकण कृषी विद्यापीठाची 'प्रताप' ही जातही बाणावलीतूनच निवडलेली आहे. पण कवाथ्याच्या (कोवळ्या माडाच्या) वयात त्याचा शेंडा हाताच्या उंचीवर आणि भुंग्यालाही सोयीचा असतो. शिडी लावून वरच्या तीन-चार पानांची बेचकी नीट पाहा. चघळलेल्या काथ्यासारखा ओलसर भुसा बाहेर आलेला दिसला तर भोक तेथेच असते. त्यात टोकाला आकडा असलेली लोखंडी सळई अलगद घालून भुंगा ओढून काढावा आणि मारावा, मात्र सळई कोंबाच्या गाभ्यात खुपसू नये. भुंगा काढल्यावर वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत अडीचशे ग्रॅम निंबोळी पेंड आणि तितकीच वाळू मिसळून भरावी. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. लहान कवाथ्याच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालण्याची पद्धतही चालते, पण त्या दीड महिन्याने बदलाव्या लागतात.

भुंगा शेंड्यात खातो, पण वाढतो मात्र दुसरीकडेच. त्याच्या मोठ्या, पांढुरक्या, वळून बसणाऱ्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात, कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि पडून राहिलेल्या माडाच्या ओंडक्यात पोसल्या जातात. आवारात किंवा कुंपणापलीकडे अशी जागा असेल तर शेंड्यात कितीही पेंड भरली तरी नवा भुंगा येतच राहील. खत पूर्ण उपसून पाहावे, अळ्या वेचून माराव्यात आणि खड्ड्यात मेटारायझियम या उपयुक्त बुरशीची पूड मिसळावी. आमच्या भागात उगवणाऱ्या भांडिऱ्याची झुडपे मुळासकट उपटून खताच्या थरांत घालण्याचाही उपयोग होतो.

घाई करण्याचे खरे कारण गेंड्या भुंग्याहून वाईट आहे. त्याने केलेल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, जखमेत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड व शेंडा आतून खातात. बाहेर काही दिसेपर्यंत माड हातचा गेलेला असतो. खोडावर भोके पडून त्यातून तपकिरी चिकट पाणी गळत असेल, किंवा खोडाला कान लावल्यावर आतून चावल्याचा बारीक आवाज येत असेल, तर वाट न पाहता जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात कळवावे. याच कारणासाठी माडाचे हिरवे चुडत कधीही खोडाच्या लगत कापू नये. कापणे भागच पडले तर देठाचा सुमारे चार फूट भाग ठेवून कापावे, म्हणजे त्या ओल्या जखमेतून शिरलेली अळी खोडापर्यंत पोचत नाही. पाडेलीलाही (नारळ पाडणाऱ्यालाही) चढताना खोडावर कोयत्याने खाचा पाडू देऊ नका. आंब्या-फणसाच्या झाडाची जखम सालीने भरून येते, माडाच्या खोडावरची जखम जन्मभर तशीच उघडी राहते.

पर्वरी_परसबाग

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. फॉक्सटेलची छाटणी थांबवली आहे. काका, आपण सांगितल्याप्रमाणे माडाचा शेंडा पाहिला. दुसऱ्या पानाच्या बेचक्यात ओला भुसा होता आणि आत जिवंत भुंगा मिळाला. कोंब हलकेच ओढून पाहिला तर तो घट्ट आहे, त्याला दुर्गंधी नाही. खताचा खड्डा उपसल्यावर तळाशी अंगठ्याएवढ्या जाड अळ्या मोठ्या संख्येने निघाल्या, आणि विहिरीजवळ मागील मालकांनी पाडून ठेवलेल्या माडाच्या ओंडक्यात पहार घालताच तोही आतून भुसभुशीत आणि अळ्यांनी भरलेला आढळला. ओंडका फोडून जाळण्याची व्यवस्था केली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या सासूबाईंचे माहेर काणकोणचे असून त्यांच्याकडे दर वर्षी माडाच्या बेचक्यात मीठ आणि वाळू घालत असत. पेंडीऐवजी मीठ चालेल का, आणि ते फॉक्सटेललाही घालावे का? दुसरे असे की भुंग्याने केलेल्या जखमेत पावसाचे पाणी जाऊन कोंब कुजण्याची भीती आहे काय?

सावईवेरे_कुळागर

सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. आमच्याकडेही जुनी माणसे मीठ-वाळूच घालत. वाळूचे कण भुंग्याच्या सांध्यांत जाऊन त्याला त्रास देतात आणि माड मीठ सोसतो, उलट त्याला ते मानवते. जांभ्याच्या जमिनीत माड लावण्याआधी सहा महिने खड्ड्याच्या तळाशी दोन किलो मीठ घालण्याची शिफारस आहेच, त्याने खालचा दगड सैल होतो. आपल्या माडाच्या बेचक्यात मूठभर मीठ घातल्याने काही बिघडणार नाही.

मडगाव_ताडमाड

काकांच्या अनुभवाचा मान राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. माडाला मिठातील क्लोराइड उपयोगी पडते हे खरे, पण म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) हे खत देत असाल तर त्यातून क्लोराइड पुरेसे मिळते आणि सोबत पालाशही मिळतो, ज्याची पठारावरील जमिनीला खरी गरज आहे. मिठातील सोडियमचा मात्र मातीला लाभ नाही. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश द्यावे अशी कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेची शिफारस आहे, आणि तीत पालाशाचा वाटा नत्राच्या दुपटीहून अधिक आहे. पहिल्या वर्षी या मात्रेचा दहावा हिस्सा, दुसऱ्या वर्षी तिसरा हिस्सा, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश आणि चौथ्या वर्षापासून पूर्ण मात्रा, तीही दोन हप्त्यांत, असा क्रम ठेवावा. बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू पुरेशी आहे.

फॉक्सटेलला मीठ अजिबात घालू नये. तो माडाप्रमाणे किनाऱ्यावरचा वृक्ष नाही, आणि त्याच्या देठांचे वेष्टन खोडाला गुळगुळीत लपेटून असल्याने भरण्याजोगी बेचकीही त्याला नसतात.

कोंब कुजण्याची शंका रास्त आहे. माडात हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, त्याला सततची ओल आणि गारवा मानवतो, आणि भुंग्याच्या जखमेतून त्याला आयती वाट मिळते. आपला कोंब घट्ट आणि निर्गंध आहे म्हणजे आज रोग नाही. पण पावसाळ्यात दर आठवड्याला शेंड्याकडे पाहत राहावे. मधले पान फिकट होऊन कोमेजले, ओढताच हातात आले आणि त्याच्या बुडाला सडका वास आला, तर त्याच दिवशी कुजलेला सर्व भाग निरोगी पांढरा गाभा लागेपर्यंत धारदार सुरीने खरवडून काढावा, जखमेवर दहा टक्के बोर्डो मलम (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचा लेप) लावावे आणि नवा कोंब दिसेपर्यंत वर पाणी जाणार नाही असे प्लॅस्टिकचे छत्र बांधावे. गाभ्याचा वाढबिंदू शाबूत असेल तर माड वाचतो. तो एकच असतो, म्हणून एरवी पामच्या बाबतीत मी धीर धरायला सांगतो, पण कोंबाच्या रोगात एक दिवसही दवडू नये.

प्रतिबंध म्हणून पाऊस सुरू होण्याआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करता येईल. एका माडासाठी दहा लिटर पुरेसे होते. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या पाच लिटर पाण्यात विरघळवावा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडी किंवा पितळी नकोत. चुन्याची निवळी गाळून घ्यावी आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत लाकडी काठीने ढवळावे. मिश्रण आकाशी निळे दिसते. त्यात घासून स्वच्छ केलेले चाकूचे पाते मिनिटभर धरावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे असे समजून चुन्याची निवळी आणखी घालावी, आणि पाते स्वच्छ राहीपर्यंत ही परीक्षा पुन्हा पुन्हा करावी. मोकळ्या मोरचुदाने कोवळा कोंब भाजतो, म्हणून ही पायरी गाळू नये. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

डिचोली_रानझाडे

भेरली माडावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. ताई, आपले झाड आजारी नाही, त्याचे आयुष्य पूर्ण होत आले आहे. भेरली माड पुरती उंची गाठेपर्यंत एकही फूल धरत नाही. खोडात पिठूळ साठा करत राहतो. मग वाढ थांबते आणि पहिला फुलोरा सर्वांत वरच्या पानाच्या बेचक्यात येतो, पुढचा त्याच्या खाली, त्यापुढचा आणखी खाली, असे काही वर्षे चालते. शेवटचा फुलोरा बुंध्याच्या दिशेने उतरून त्याची फळे पिकली की झाड मरते. खत, पाणी किंवा औषध यांनी हे टळत नाही, आणि फुलोरा कापल्यानेही झाड पुन्हा तरुण होत नाही. तेव्हा त्यावर कोणताही उपचार करू नका अशी माझी विनंती आहे.

तो लगेच तोडावा असेही मला वाटत नाही. पिकलेली लालसर फळे उदमांजरे आणि धनेश पक्षी खातात आणि त्यांच्यामार्फत बिया दूरवर जातात. साळच्या आणि सत्तरीच्या रानात या झाडाची नवी रोपे बहुतांशी अशीच उगवतात. फुलोऱ्याचे घोस अजून किती खाली यायचे आहेत ते पाहा. खोडाच्या खालच्या निम्म्या भागावर पानांच्या जुन्या वणांपाशी फुलोरा आलेला नसेल तर झाडाला काही वर्षे आहेत. मात्र मेल्यावर ते उभे ठेवू नये, कारण त्याच्या खोडाचा बाहेरचा थर कठीण आणि आतला गाभा मऊ असतो. गाभा कुजला की घराजवळचे एवढे उंच झाड कोणत्या बाजूला पडेल याचा भरवसा राहत नाही. मे २०२१ मधील तौक्ते वादळात आपल्या राज्यात किती झाडे घरांवर आणि विजेच्या तारांवर पडली हे सर्वांना आठवत असेल. शिवाय कुजलेले खोड म्हणजे काकांनी सांगितलेल्या भुंग्याचे नवे घर. शेवटच्या फळांनंतरच्या उन्हाळ्यात, अनुभवी माणसाकडून वरून तुकडे करत उतरवून घ्यावे. गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे, तेव्हा तोडण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. माडाला २०१६ साली त्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळले गेले होते आणि लोकांच्या विरोधानंतर तो पुन्हा त्यात घेण्यात आला, हेही आपल्या फाटकापाशी माड असल्यामुळे नोंदवून ठेवते.

बिया जमवायच्या असतील तर हातमोजे घालूनच फळे हाताळा. गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि उघड्या हातांना भयंकर खाज सुटते; लहान मुलांना त्या फळांपासून दूर ठेवावे. गर काढून धुतलेल्या ताज्या बिया वाळू आणि पालापाचोळ्याच्या मिश्रणात सावलीत पेराव्यात. उगवायला कित्येक महिने लागतात, म्हणून कुंडी कोरडी पडू न देता धीर धरावा. बी जुने झाले की उगवण झपाट्याने घटते.

पर्वरी_परसबाग

हे वाचून मोठा दिलासा मिळाला. शेजाऱ्यांना समजावून सांगितले आहे. खोडाच्या खालच्या भागात अजून एकही फुलोरा नाही, तेव्हा झाड राहू देत आहोत. पुढे त्या जागी काय लावावे याचा विचार आतापासून करावा असे वाटते. जागा घराच्या उत्तरेस असून दुपारनंतर सावलीत जाते, भिंतीपासून अंतर सुमारे तीन मीटर आहे आणि विहिरीचे पाणी जवळ आहे. तेथे दुसरा बाणावली माड लावता येईल का?

सावईवेरे_कुळागर

तेथे माड नको. माडाला भरपूर ऊन आणि सर्व बाजूंनी साडेसात मीटरचे अंतर लागते. सावलीत लावला तर तो उजेडाकडे वाकत जाईल आणि पुढे त्याचे नारळ आपल्या छपरावर पडतील. सावली, जवळचे पाणी आणि अरुंद जागा हे सारे पोफळीला आवडते. दोन-तीन पोफळी एकमेकींपासून पावणेतीन मीटरवर लावा आणि त्यांच्या खोडावर मिरीची वेल चढवा. पोफळीच्या खोडाला दक्षिण-पश्चिमेचे ऊन थेट लागले तर साल भाजून तडकते, पण आपल्याकडे त्या बाजूला घर असल्याने ती काळजी नाही. उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी मात्र चुकवू नका, आणि पावसाळ्यात पाणी बुंध्याशी साचू देऊ नका.

मडगाव_ताडमाड

पोफळीच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. उत्पन्नापेक्षा शोभा हवी असेल तर त्याच सावलीत राफिस पामचा गुच्छ चांगला होतो. तो फार उंच होत नाही आणि भिंतीजवळ त्रास देत नाही. आणखी एक नारळ हवाच असेल तर तो पुढच्या अंगणातील उन्हाच्या जागी लावा, आणि शहाळ्यांसाठी हवा असल्यास चौघाट ऑरेंज ही बुटकी जात घ्या. रोप निवडताना नऊ ते बारा महिन्यांचे, किमान सहा पानांचे, बुंध्याशी दहा सेंटिमीटर घेर असलेले आणि ज्याच्या पानाच्या पर्णिका लवकर सुट्या झाल्या आहेत असे घ्यावे. लांबलचक, फिकट आणि बारीक बुंध्याचे रोप सावलीत दाटीने वाढलेले असते, ते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. खड्डा चिरेदार जमिनीत सव्वा मीटर लांब, रुंद आणि खोल काढून तळाशी नारळाच्या सोडणांचे (काथ्याच्या सालींचे) दोन थर, पोकळ बाजू वर करून, पसरावेत. ती सोडणे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये मुळांना ते मिळते. माडाचा खड्डा जमिनीच्या पातळीपर्यंत लगेच न भरता खोड वर येईल तसतसा दरवर्षी भरत जावा. फॉक्सटेलच्या बाबतीत मात्र असे करू नये, त्याचे खोड मातीत गाडले गेले तर कुजते. आता आवारात माती टाकणार असाल तर त्या दोन्ही झाडांचे बुंधे मोकळे ठेवण्यास कामगारांना आधीच सांगून ठेवा. दिवाळीत किंवा नाताळात दिव्यांच्या माळा लावताना त्यांच्या खोडात खिळे न मारता माळ सुती दोरीने सैल बांधावी आणि सण झाल्यावर सोडवून घ्यावी.